दिव्यांग महिलांची स्तन कॅन्सर तपासणी : रत्नागिरी जिल्ह्यात कुठे होते, कशी होते आणि अडते कुठे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बऱ्याच वाड्या डांबरी रस्त्यापासून वर तरी असतात नाहीतर खाली तरी. मध्ये जांभ्याची पाखाडी, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ, खाली पऱ्या आणि त्यावर साकव. धडधाकट माणसाला ही वाट पाच मिनिटांची. कुबड्यांवर चालणाऱ्या बाईला तीच वाट म्हणजे सोबत दोन माणसं, अर्धा तास आणि कुणाचातरी बुडालेला रोज. त्यामुळे ताप आला तरी मेडिकलमधून गोळी आणून भागवलं जातं. मग काहीच दुखत नसताना तिला तपासणीला कोण नेणार?

अडचण इथेच आहे. स्तनाच्या कॅन्सरची तपासणी काहीच दुखत नसतानाच करायची असते.

भारतात महिलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना तो नव्याने झाला आणि ९८ हजारांहून अधिक महिला त्याने गेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या महिलांना विचारलं गेलं, की तुमची स्तनांची कॅन्सरसाठी तपासणी कधी झाली आहे का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत, ०.९ टक्के. ही सगळ्या महिलांची गोष्ट झाली. ज्यांना घराबाहेर पडायलाच दुसऱ्याचा हात लागतो, त्यांचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

यादीत नाव का येत नाही

गावातली बाई सरकारी आरोग्य खात्याच्या नजरेत कधी येते, याचा विचार केला तर बरंच काही कळतं. लग्न झालं की पात्र जोडप्यांच्या नोंदीत नाव लागतं. दिवस गेले की आशाताई घरी येते, सिस्टर वजन आणि बीपी घेते, माता-बालसंगोपनाचं कार्ड मिळतं. बाळंतपण, लसीकरण, मग कुटुंब नियोजन. या दहा-बारा वर्षांत बाई उपकेंद्राला ओळखीची होते आणि उपकेंद्र तिला.

लहानपणी पोलिओने पाय गेलेली, ऐकू न येणारी किंवा मतिमंद म्हणून घरातच राहिलेली बाई यातल्या कुठल्याच टप्प्यावर भेटत नाही. अनेकींचं लग्नच झालेलं नसतं. घरात म्हातारे आईवडील, भाऊ मुंबईला चाकरमानी, वहिनी त्याच्यासोबत. तिचं नाव संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत असतं, रेशनकार्डावर असतं, मतदार यादीत असतं. आरोग्याच्या यादीत मात्र ती चाळिशीला आली तरी कोरीच.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. मूल न झालेल्या आणि अंगावर दूध न पाजलेल्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणजे 'तिचं लग्न झालं नाही, तिला कसला बायकांचा आजार' हे घरोघरी बोललं जाणारं वाक्य बरोबर उलटं आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्यात १२ लाखांहून अधिक महिला होत्या. रत्नागिरी हा तर महिलांचा जिल्हा. त्याच जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ महिला होत्या. पुरुष कामाला मुंबईत, मागे बायका आणि म्हातारी माणसं. वय वाढलं की गुडघे जातात, मोतीबिंदू होतो, अर्धांगवायू येतो. या बायकांकडे दिव्यांगाचं कार्ड नसतं, पण वाट तीच आणि अडचणही तीच.

उपकेंद्रात नेमकं काय करतात

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार ३० वर्षांवरील प्रत्येक महिलेची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची असते. सुरुवात आशाताईच्या फॉर्मपासून होते. त्याला 'सीबॅक' म्हणतात. त्यात महिलांना विचारायचे प्रश्न आहेत : स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, स्तनाचा आकार बदलला आहे का. फॉर्मला गुण असतात, पण गुण कमी आले म्हणून तपासणी टळत नाही. जास्त गुणवालीला आधी बोलवायचं, एवढाच त्याचा उपयोग.

याच फॉर्ममध्ये चालताना तोल जातो का, हालचालीवर बंधन आणणारं अपंगत्व आहे का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, असेही प्रश्न आहेत. पण ते साठीच्या पुढच्या माणसांसाठीच्या भागात. पस्तीस वर्षांच्या व्हीलचेअरवरच्या बाईला ते विचारले जात नाहीत. आशाताईने ते समासात लिहून ठेवलं तर पुढे सिस्टरला कळतं की ही बाई उपकेंद्रात येणार नाही, आपल्यालाच जावं लागेल.

फॉर्मनंतरची तपासणी हाताने करायची असते. उपकेंद्रातल्या, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या, समुदाय आरोग्य अधिकारी (लोक त्यांना सीएचओ मॅडम म्हणतात) किंवा प्रशिक्षण घेतलेली सिस्टर आधी दोन्ही स्तन नजरेने बघते. एका बाजूची कातडी आत ओढली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झाली आहे का, बोंड आत गेलं आहे का, हे पाहते. मग बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन, काखा आणि गळपट्टीच्या हाडाजवळचा भाग चाचपते. मशीन नाही, सुई नाही, पैसे नाहीत.

मशीन लागत नाही, म्हणूनच ही तपासणी घरी, बाईच्या स्वतःच्या खाटेवर होऊ शकते. पोलिओचा डोस घरी येतो, तशी ही तपासणीही येऊ शकते. फरक इतकाच की ती मागावी लागते. 'उपकेंद्रात आणा' असं उत्तर आलं तर 'आणता येत नाही, तुम्ही कधी येता ते सांगा' असं सरळ विचारायला हरकत नाही.

हाताच्या तपासणीचा उपयोग किती, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने याचा देशातला सर्वात मोठा अभ्यास केला. १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक महिलांपासून तो सुरू झाला. निम्म्या वस्त्यांत खास शिकवून तयार केलेल्या महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत, असं चार वेळा झालं. वीसहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या बायकांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंच्या आकड्यात तसा ठोस फरक दिसला नाही. तेव्हा हाताची तपासणी म्हणजे हमी नव्हे. पण ज्या बाईची दुसरी कुठलीच तपासणी होणार नाही, तिच्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे.

घरच्यांनी काय बघायचं

ज्या बाईला आंघोळ घालावी लागते, तिची पहिली तपासनीस म्हणजे तिला आंघोळ घालणारी आई, बहीण किंवा वहिनी. साबण लावताना हात फिरतोच. महिन्यातून एकदा तो जरा लक्ष देऊन फिरवायचा. आधी नव्हती अशी कडक गाठ, एकाच बाजूची सूज, आत ओढलेलं बोंड, बोंडाभोवती भरून न येणारी खरूज किंवा जखम, बोंडातून येणारं रक्त यातलं काही दिसलं तर पुढच्या महिन्याची वाट बघू नये. अर्थात आधी तिला सांगून, तिला चालत असेल तरच. अंग तिचं आहे.

गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असं समजू नये. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला दुखतच नाही. तसंच, सापडलेल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही खरं. कुठली कोणती ते घरी ओळखता येत नाही, एवढंच.

दिव्यांग महिलांच्या बाबतीत घोटाळा होण्याच्या दोन जागा आहेत. पहिली काखेची. कुबडीवर भार टाकून चालणाऱ्या बाईच्या काखेत घट्टे पडतात, कातडी जाड होते, कधी सूजही येते. त्यामुळे काखेतली खरी गाठसुद्धा 'कुबडीची असेल' म्हणून सोडली जाते. दोन-तीन आठवड्यांत न गेलेली काखेतली गाठ दाखवायची, मग कुबडी असो वा नसो. दुसरी जागा मानसिक आजाराच्या गोळ्यांची. यातल्या काही गोळ्यांनी बाळ नसतानाही दोन्ही बाजूंनी दुधासारखा स्राव येऊ शकतो. घाबरून गोळ्या बंद करू नयेत आणि 'गोळ्यांमुळेच' म्हणून गप्पही बसू नये. डॉक्टरला गोळ्यांचं पाकीट दाखवून विचारावं. स्राव एकाच बाजूने किंवा रक्ताचा असेल तर लगेच दाखवावं.

गावात 'स्तन' हा शब्द कुणी उच्चारत नाही, 'छातीत गाठ' असं म्हणतात. तसं म्हटलं तरी चालतं. फक्त फोनवर सांगताना 'बाहेरून हाताला लागते' हे जोडावं, नाहीतर छातीचा एक्स-रे काढून माणूस परत येतो.

प्रत्येकीची अडचण वेगळी

'दिव्यांग' हा एकच शब्द असला तरी तपासणीच्या खोलीत गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी अडतात.

चालता न येणाऱ्या बाईला दार, पायरी आणि खाट या तीन गोष्टी अडवतात. तपासणीचं टेबल उंच असेल तर खुर्चीवरून तिला उचलावं लागतं आणि पुरुष शिपायाने उचलणं तिला नको असतं. बसून आणि मग खाली गादीवर झोपवून तपासणी होते, टेबल लागतंच असं नाही. पाठीला बाक असेल तर खांद्याखाली उशी द्यावी. लघवीची नळी असलेल्या किंवा पाठीला जखम असलेल्या बायका वासाच्या लाजेने नाही म्हणतात, हे सिस्टरांना सहसा कुणी सांगत नाही. आंघोळीनंतरची वेळ ठरवली तर हा प्रश्न बराच सुटतो.

न दिसणाऱ्या बाईला स्पर्श अचानक होऊ नये. 'आता डाव्या बाजूला हात लावते' असं आधी सांगावं. तिचा रिपोर्ट शेजारच्या पोराने मोठ्याने वाचून दाखवावा, ही पद्धत बंद झाली पाहिजे. रिपोर्ट मोबाइलवर मजकूर म्हणून पाठवला तर फोन तो वाचून दाखवतो आणि ती इअरफोन लावून स्वतः ऐकू शकते.

ऐकू न येणाऱ्या बाईसोबत बहुतेक वेळा घरातलं शाळकरी मूल दुभाषा म्हणून येतं. आत्याच्या छातीतल्या गाठीबद्दल बारा वर्षांच्या मुलाने काय आणि कसं सांगायचं? मोठी बाई सोबत असावी. बाईला वाचता येत असेल तर कागदावर लिहून विचारावं. मूकबधिर शाळेतल्या शिक्षिकेला व्हिडिओ कॉल लावूनही काम होतं. मास्क लावून बोललं तर ओठ दिसत नाहीत, हे साधं पण हमखास विसरलं जातं.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या बाईची तपासणी एका फेरीत होईलच असं नाही. पहिल्या दिवशी नुसती ओळख, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने दाखवून, मग तपासणी. ती 'नको' म्हणाली, हात झटकला, रडली, तर थांबायचं. धरून, दाबून तपासणी करायची नाही. पूर्वी कुणी तिच्याशी वाईट वागलं असेल तर हा स्पर्श तिला तेच वाटू शकतो आणि ती ते शब्दांत सांगू शकणार नाही. विश्वासातली एक बाई शेजारी असली की बहुतेक वेळा जमतं.

अठरा वर्षांवरील दिव्यांग बाईची संमती तिचीच घ्यायची असते. आई-वडिलांची सही ही तिच्या सहीची जागा आपोआप घेत नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. ऑपरेशनची वेळ आली की हॉस्पिटल हा कागद मागू शकतं. तो एका दिवसात मिळत नाही, म्हणून आधीच अर्ज केलेला बरा.

आणि आता उलट बाजू. न दिसणारी बाई दुसऱ्या बाईची तपासणी करू शकते. जर्मनीतले स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रँक हॉफमन यांनी अंध महिलांच्या बोटांची जाण या कामासाठी वापरायची पद्धत उभी केली. छातीवर ब्रेलसारख्या खुणा असलेल्या चिकटपट्ट्या लावायच्या आणि इंच इंच चाचपत जायचं. एका तपासणीला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, पण खूप लहान गाठ सापडू शकते. भारतात दिल्लीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या अंध महिला केंद्राने २०१७ पासून असं प्रशिक्षण सुरू केलं आणि तिथून शिकलेल्या महिला मोठ्या हॉस्पिटलांत काम करतात. कोकणातल्या एखाद्या अंध मुलीला या कामाबद्दल कुणी सांगितलं असेल का, हा वेगळाच प्रश्न.

गाठ लागली तर पुढे कुठे

उपकेंद्रात शंका आली की चिठ्ठी मिळते. पुढचा टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. कामथे, कळंबणी आणि दापोली इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत आणि रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, जिथे २०२३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. टाटा मेमोरियलच्या सोबतीने तिथून गेली अनेक वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या गावांत कॅन्सरची तपासणी आणि उपचाराचं काम चालतं. मंडणगडच्या बाईला जिल्ह्याचं गाव दीडशे किलोमीटरच्या वर पडतं. तिच्यासाठी डेरवण किंवा थेट मुंबई जवळची ठरू शकते. चिठ्ठी घेतानाच हे बोलून घ्यावं.

पुढे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि मग सुईने तुकडा काढून तपासणी. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती गावोगाव आहे आणि ती खोटी आहे. या तपासणीशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

मॅमोग्राफीच्या मशीनसमोर साधारणपणे उभं राहून हात वर धरावा लागतो. उभं राहता येत नसेल तर बसूनही फोटो काढता येतो, कारण मशीनची पट्टी खाली-वर होते. खुर्चीचा हात निघणारा असेल तर सोपं जातं. पण हे तिथे पोचल्यावर सांगितलं तर 'आज जमणार नाही' असं ऐकावं लागतं. आदल्या दिवशी फोन करून चार गोष्टी सांगाव्यात : व्हीलचेअर आहे, उभं राहता येत नाही, एक हात वर जात नाही, वेळ जास्त लागेल. अंग फार आखडत असेल आणि फोटो निघतच नसेल तर हाताला लागलेली गाठ सोनोग्राफीने बघून तिथूनच तुकडा घेता येतो. 'मशीनवर बसत नाही' हे तपासणी थांबवायचं कारण होऊ शकत नाही.

कॅन्सर निघालाच तर सर्जनला एक गोष्ट बाईने स्वतः सांगावी, कारण फाइलमध्ये ती नसते. जिचे पाय चालत नाहीत तिचे हातच तिचे पाय असतात. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, खांदा आखडू शकतो. धडधाकट बाईला तो त्रास असतो, पण कुबडीवाल्या बाईची तेवढ्याने घरातली ये-जा बंद होते. आजार लवकर सापडला असेल तर काखेतल्या मोजक्याच गाठी काढून बघण्याची पद्धत आहे, ती आपल्याला चालेल का हे विचारावं. व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट ऑपरेशनच्या आधीच भेटले तर उत्तम. तसंच केमोच्या काही औषधांनी बोटं बधिर होतात. ब्रेल वाचणाऱ्या किंवा बोटांनी चाचपून घर सांभाळणाऱ्या बाईने हे पहिल्याच भेटीत बोलावं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये धरलेलं एक उद्दिष्ट लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान झालं पाहिजे. चिठ्ठी मिळाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि दोन महिने व्हायच्या आत रिपोर्ट हातात आहे का बघावं. मध्ये भातलावणी येते, गणपती येतात, शिमगा येतो. 'सण झाल्यावर बघू' म्हणत सहा महिने जातात.

पैसे आणि प्रवास

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. चौकशीचा नंबर १५५३८८. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडतं आणि घरात बसलेल्या दिव्यांग बाईचं आधार अपडेट झालेलं नसणं हे नेहमीचं आहे. ते आधीच करून ठेवावं.

एसटीत सर्व महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. सोबत्याच्या सवलतीसाठी कार्डावरची टक्केवारी बघतात, ते आगारात विचारून घ्यावं. कोकण रेल्वेने उपचाराला किंवा फेरतपासणीला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सूट. त्यासाठी डॉक्टरचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत राहायची सोय नसलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षं आधार देत आली आहे. १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णासाठी आहे, तपासणीला न्यायला ती येणार नाही.

वाडीपासून रस्त्यापर्यंतचे शंभर-दोनशे मीटर मात्र कुठल्याच योजनेत बसत नाहीत आणि सगळा खर्च, सगळी मनधरणी तिथेच होते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यासाठी गावातल्या दिव्यांगांची यादी ग्रामपंचायतीत असतेच. ती यादी आणि आशाताईची तीस वर्षांवरील महिलांची यादी एकदा शेजारी ठेवली, की कोणाची तपासणी राहिली ते दहा मिनिटांत कळतं. एका बैठकीचं काम आहे. त्या निधीतून तपासणीच्या दिवशी रिक्षा किंवा उचलून न्यायची सोय होईल का, हे ग्रामसभेत विचारता येतं आणि उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घेता येतं.

हक्क काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. कलम २५ आरोग्याचं आहे. जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या अटीनुसार मोफत उपचार, सरकारी आणि खासगी हॉस्पिटलच्या सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणी-उपचारात प्राधान्य, असं ते सांगतं. प्राधान्य म्हणजे केसपेपरच्या रांगेत दिव्यांग बाईला पुढे घ्यायचं, ही कुणाची मेहेरबानी नाही.

स्तनांच्या तपासणीसाठी दिव्यांगाचं कार्ड लागत नाही, तीस वर्षं पूर्ण असली की पुरे. युडीआयडी कार्ड प्रवासाच्या सवलतीला आणि योजनांना उपयोगी पडतं, म्हणून काढावं. पण 'आधी कार्ड आणा, मग तपासू' असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे.

शिबिराचं फलक लावताना ते वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आहे की खाली, रॅम्प आहे का, तपासणारी बाई आहे का, हे लिहायला एक ओळ लागते. ती ओळ क्वचितच दिसते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फलक आला की खाली तोच प्रश्न टाकावा. दोन-तीन जणांनी विचारलं तर पुढचं शिबिर तळमजल्यावर होतं.

कुठे अडवणूक झालीच तर आधी त्याच दवाखान्यात लेखी द्यावं, तारीख आणि सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमलेला असायला हवा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आरोग्याची साधी चौकशी करायची असेल तर १०४ वर फोन लागतो. घरी येऊन तपासणी हवी असेल तर पहिला फोन मात्र आपल्या वाडीच्या आशाताईलाच करावा, तिच्याकडून सीएचओ मॅडमचा वार ठरवून घ्यावा आणि त्या दिवशी पाखाडी उतरायला मॅडमना काठी लागली तर ती दारात ठेवावी.